विंडोज १०: 'युनिकोड यूटीएफ-८'चा पर्याय एकाच प्रोग्रामपुरता चालू करता येईल का?

माझ्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवलेला असून प्रादेशिक मांडणीही मराठी ठेवली आहे. वर्ड, ब्राउझर यांत काहीच अडचण नाही. परंतु नोंदींचा एक जुना प्रोग्राम, जो युनिकोडसाठी (सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीसाठी) लिहिलेला नाही, 'पावती' नावाची फाइल उघडताना '?????' एवढेच दाखवतो.

फॉन्ट बदलून आणि प्रोग्राम पुन्हा बसवून फरक पडला नाही. शेवटी 'रीजन'मधील 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' भागात 'चेंज सिस्टम लोकेल' (युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा ठरवणारी मांडणी) येथे जाऊन यूटीएफ-८ची (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या एका पद्धतीची) चौकट (जिच्यापुढे अजूनही 'बीटा' असेच लिहिलेले आहे) निवडली व संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा नावे नीट दिसू लागली. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये चौकोनांनी भरून गेला. चौकट काढताच तो पूर्ववत झाला, म्हणजे फाइली बिघडलेल्या नाहीत.

दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर लागतात. ॲडमिनचे अधिकार माझ्याकडे आहेत, नवी आवृत्ती उपलब्ध नाही आणि जुना मजकूर इतका आहे की तो सगळा युनिकोडमध्ये बदलणे तूर्त शक्य नाही. सिस्टम लोकेलला हात न लावता फक्त पहिल्या प्रोग्रामला यूटीएफ-८ लागू करायचे असेल, तर ते मॅनिफेस्ट फाइलद्वारे (प्रोग्राम कसा चालवायचा हे विंडोजला सांगणाऱ्या फाइलद्वारे) साधते का, आणि साधत असल्यास त्यात नेमके काय लिहावे लागते?