लेकर्सची सिरीज बघू काय?

रंकाळावाला: आम्ही कोल्हापूरच्या पाटाकडील-खंडोबाच्या फुटबॉल मॅचला गळा फाडणारी माणसं, बास्केटबॉलातलं ओ की ठो कळत नाही, तरी ही अमेरिकेतल्या लेकर्स टीमवरची 'विनिंग टाइम' झेपंल काय?

पेठेतला: बघ की भावा! १९७९ ला जेरी बस नावाचा शेठ लेकर्स टीम विकत घेतो तिथनं सुरू, मॅच कमी न् भानगडी जास्त, मधीच गडी कॅमेऱ्यात बघून आपल्याशीच बोलतंय, लई भारी.

शाहूपुरीकर: सगळं खरं मानू नको हं. लेकर्सचा जुना स्टार खेळाडू जेरी वेस्टला नुसता भडकू दाखवलाय, त्याच्या वकिलांनी माफी मागा म्हणून सिरीज काढणाऱ्या एचबीओ चॅनलला पत्र धाडलेलं.

पेठेतला: ते हायच. पण १९८० च्या फायनलला लेकर्सचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी करीम जखमी, तर २० वर्षांचं मॅजिक जॉन्सन त्याच्या जागी सेंटरला उभारून ४२ पॉइंट ठोकतंय, ते खरंच झालंय!

शाहूपुरीकर: न् सिरीज दोन सीझनात गुंडाळली, तेबी लेकर्स १९८४ ची फायनल बोस्टनच्या सेल्टिक्स टीमकडनं हरतात तिथंच. डोकंच फिरलं.