मदत हवी आहे: घामाने सेन्सर सुटतोय

नमस्कार मंडळी. मुलगी ११ वर्षांची, टाइप १ मधुमेह. दंडाच्या मागे साखर सतत मोजणारा १४ दिवसांचा ग्लुकोज सेन्सर लावतो. राहतो रत्नागिरीत, म्हणजे घाम बारमाही, त्यात पोरीला खो-खोचं वेड! मागचा सेन्सर पाचव्याच दिवशी खांबाला घासून निघाला, त्याआधीचा दप्तराच्या पट्ट्यात अडकून. निघालेला परत लावता येत नाही, हजारोंचा चुराडा.

लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू देतो. त्या दिवशी अंगाला तेल नाही (आजीला हे पटवणं सेन्सर सांभाळण्यापेक्षा अवघड). साधी मायक्रोपोर पट्टी एका आंघोळीत सुटते. खेळाडू लावतात ती ताणाची पट्टी, कोपरे गोल कापून, छान टिकली. पण खाली लाल पुरळ आलं, खाज सुटली. वरून इलॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधला, तर रात्री दोनदा लो चा (साखर फार कमी झाल्याचा) अलार्म. बोटाला टोचून पाहिलं तर साखर ११८, म्हणजे नॉर्मल! दाबामुळे खोटी लो दाखवतो म्हणे.

पट्टीखाली त्वचेवर संरक्षक थर देणारा स्प्रे किंवा वाइप कुणी वापरलाय का? पुरळ थांबलं, की सेन्सरच नीट चिकटेना? आणि मैदानावर खेळणाऱ्या मुलांना तुम्ही नक्की काय बांधता?