अनुभव धागा : बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातील जुनी विमाने

दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या रस्त्यावर, १९९८ साली सुरू झालेले नौदलाचे विमान संग्रहालय आहे. आवार लहान असले तरी विमाने उघड्यावर, अगदी जवळून पाहता येतील अशी उभी आहेत. आपण कोणत्या विमानापाशी रेंगाळलात आणि तेथे काय दिसले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

• विमानांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, त्यामुळे ‘अलिझे’ या पाणबुडीशोधक विमानापाशी माझे पाय थबकले. शेपटीखालचा हुक अवश्य पाहावा. जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर उतरताना हा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला नाही, तर वैमानिकाला तसेच पुढे जाऊन पुन्हा झेप घ्यावी लागे. पंखांना जे फुगीर कोश आहेत, त्यांत मागे चाके मिटत आणि पुढे पाणबुडीचा कानोसा घेणारे सोनोबॉय ठेवलेले असत. रडारचा घुमट तर पोटातून खाली सोडता येई. तीन माणसांच्या विमानात इतके सामान बसवणाऱ्या फ्रेंच अभियंत्यांना मी मनोमन दाद दिली.

• मी भौतिकशास्त्र शिकवते. ‘सी हॉक’च्या शेपटीत जेटचे तोंड शोधत राहिले, पण ते तेथे नाहीच, झोत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. याच जातीच्या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) कॉक्स बझारवर हल्ला केला होता.

• ‘सुपर कॉन्स्टेलेशन’बद्दल कोणीच कसे लिहिले नाही? आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग हवाई दल आणि १९७६ पासून नौदलाची सागरी टेहळणी, असा त्याचा प्रवास आहे. शेपटीला उभे पंख तीन आहेत, कारण एकच उंच पंख ठेवला असता तर ते त्या काळच्या हँगरमध्ये मावले नसते. खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम किती टिकणार, ही काळजी मात्र वाटते.

• ‘सी हॅरियर’च्या, जेटचा झोत खाली वळवणाऱ्या फिरत्या नळ्यांपाशी मुलांची झुंबड असते आणि छोट्या ‘सीलँड’कडे कोणी फिरकत नाही. नौदलाने १९५३ साली घेतलेली ही पहिली विमाने पाण्यावरही उतरत. वाकून पाहिल्यास पोटाखाली होडीसारखा तळ दिसतो. ती बेलफास्टला बनली, आणि पुढे ‘विक्रांत’ही तेथेच पूर्ण होऊन १९६१ साली नौदलात आली.