पेवावरची कथा ‘माहितीपर’ म्हणून परत आली, आता काय करू?

दिवाणजी_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. वजनं टिपायची, विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या करायच्या, शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, हे काम. रात्री जेवणं झाली की लिहायला बसतो.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कथा लिहिली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. ‘विषय चांगला, पण लेखन माहितीपर झाले आहे’ एवढ्या एका ओळीनिशी परत आली. सुरुवात अशी आहे:

“कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूर गावात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदली जात. तेथील माती आणि बंद तोंड यांमुळे हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकत असे. पेव उघडल्यावर आत प्राणवायू नसल्याने लगेच उतरणे धोक्याचे असे...”

असं पुढं दीड पान. मग तुका हमाल येतो, शेवटी २००५ चा महापूर येतो आणि पेवातली हळद जाते. घरी वाचून दाखवली तर बायको म्हणाली, छान आहे. पण ती माझ्या हिशोबाच्या वहीलाही छानच म्हणते. माहिती काढली तर पुण्या-मुंबईच्या माणसाला काय कळणार? ठेवली तर परत येते. कुणीतरी खरं सांगा.

मिरजेच्या_बाई

दिवाणजी, मी निवृत्त शिक्षिका. एका अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन बरीच वर्षं माझ्याकडं असतं, त्यामुळं तुम्हाला आलेली ओळ मीही अनेकांना लिहिलेली आहे. त्या ओळीमागं काय असतं ते सांगते.

माहिती जास्त झाली, अशी तक्रार नसतेच. ती माहिती कुणाला हवी आहे, हे कथेत दिसत नाही, ही तक्रार असते. पेवात हवा विषारी असते हे वाचकाला कळून काय उपयोग? ते तुकाला कळायला हवं, कारण उतरायचंय त्याला. त्याला पहिल्या ओळीत आणा. मी नुसतं उदाहरण म्हणून लिहिते, हे उचलू नका, तुमचं तुम्ही लिहा:

“आरं, कंदील सोड आधी.”
दोरी खाली गेली. दोघं वाकून बघत राहिले.
“इजला.”
“मग बस. बिडी वड. सांजच्याला बघू.”
“मालक गाडी घिऊन आल्यात. चार वाजता भरायची म्हंत्यात.”

तुमचं दीड पान यात आलं की नाही? प्राणवायू हा शब्दही लागला नाही. वर मालकाची घाई आली, म्हणजे आता काहीतरी घडणार. पुण्याच्या वाचकाला पेव किती फूट खोल ते नाही कळलं तरी चालतं. कंदील विझला एवढं त्याला कळतं.

दुसरं. पूर्ण कथा तुम्ही मला निरोपातून पाठवलीत, ती वाचली. त्यात एक अर्धी ओळ आहे, ‘जुन्या काळी सौदा रुमालाखाली बोटांनी होई.’ अहो, एवढ्यावर सोडलंत? अडत्या आणि खरेदीदार, दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव चाललेला, आणि तोंडानं मात्र पोरीच्या लग्नाची चौकशी. शेजारी शेतकरी उभा. त्याच्या वर्षाच्या कमाईचा भाव फुटतोय आणि त्याला फक्त कापड हललेलं दिसतंय. हे यार्डात बसणाराच लिहू शकेल. पुरावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आणि पूर आणायचाच तर शेवटच्या पानावर वरून ओतू नका. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना काय विचारतात? “आयर्विनला किती?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं. पंचेचाळीस फुटाला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. तुकाला मधेमधे हे विचारू द्या. आकडा वाढत जाईल, वाचक आपोआप घाबरेल.

तासगावचा_बेदाणा

बाईंचं पटतं, पण थोडं भांडतो. सगळंच संवादात घालायचं हीसुद्धा आता एक फॅशन झालीय. निवेदक गावचा माणूस असेल तर तो दोन परिच्छेद ऐटीत माहिती सांगतो आणि ऐकायला गोड लागतो. दिवाणजींचा घोळ माहितीचा नाही, भाषेचा आहे. ‘वसलेल्या’, ‘खोदली जात’ हे कोण बोलतं? दुकानात गिऱ्हाइकाला पेव कसं असतं ते जसं सांगता, तसं लिहा की राव.

मिरजेच्या_बाई

हेही खरं. फक्त मग तो निवेदक कोण, त्याला सांगायची हौस का, हे ठरवावं लागेल. दिवाणजीच निवेदक झाला तर? वजन टिपणारा माणूस सगळं बघतो आणि बोलत काही नाही. मला आवडेल.

औदुंबर_वारी

लिखाणातलं मला कमी कळतं, पाठवण्यातलं सांगतो. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, पण घाई दरवर्षी तीच. गणपती बसल्यावर पाठवलेली कथा बहुतेक पुढच्या वर्षावर जाते. पावसाळा लागायच्या आत पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करा, एक प्रत स्वतःकडं ठेवा, एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी देऊ नका. पुढं संग्रह झाला तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना असते, तिची जाहिरात बघत राहा. आणि संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला या. तिथं लिहिणारी माणसं जमिनीवर शेजारी बसलेली भेटतात.

दिवाणजी_सांगली

सगळ्यांचे आभार. काल रात्री कंदिलापासून सुरू केलं, दोन पानं झाली. पहिलं दीड पान कापताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. निवेदक दिवाणजी ही कल्पना डोक्यात बसलीय, पण मालक वाचतील ही धास्ती आहे. कथेतला मालक घाईचा आहे आणि आमचेही. रुमालाखाली शेकडा कसा आणि दहा कसा दाबायचे, ते मालकांच्या वडिलांना विचारणार आहे. चारनंतर ते दुकानात टेकतात, आणि जुनं विचारलं की खुलतात.

मिरजेच्या_बाई

विचारा, पण आधी प्रसंग अंदाजानं लिहून काढा. नाहीतर त्यांचं सगळं ऐकून पुन्हा दीड पान माहिती होईल! मालकाचं म्हणाल तर कथेतल्याला मिशा द्या, पोट द्या, दुकान हळदीचं न ठेवता गुळाचं करा. तेवढ्यानं माणसं स्वतःला ओळखत नाहीत, शेजाऱ्याला ओळखतात.

एक राहिलं. तुकाची बायको अख्ख्या कथेत एकदा येते, तेही चहा घेऊन. यार्डात हळद निवडायला बायकाच असतात ना? ती तिथं बसलेली असू दे. मालक चार वाजता गाडी भरायची म्हणतो तेव्हा ती काय करते, एवढं लिहा आणि पाठवा मला.