प्रेसमध्ये बोट गेलं, कंत्राटदार वीस हजारांत मिटवतोय. सही करावी का?

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) काम करणाऱ्या शेजाऱ्यासाठी विचारतोय. वय ३५, कंत्राटदाराकडे पगार १४,०००. ऑगस्ट २०२५मध्ये उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विमा) कपात दिसत नाही. कंत्राटदार २०,००० देऊन ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून मागतोय. वर म्हणतो, चूक तुझीच.

प्रतिसाद १
सही नको. हक्क सोडल्याचा कागद १९२३च्या नुकसानभरपाई कायद्यात (कलम १७) टिकत नाही (नोव्हेंबर २०२५पासून त्याजागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण हा अपघात त्याआधीचा), पण प्रकरण उगाच लांबतं. हिशेब बघा: पगाराचे ६० टक्के ८,४००, गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला पस्तिशीचा गुणक १९७.०६, त्याचे ११ टक्के (तर्जनीची दोन पेरं). झाले १,८२,०८३. उपचाराचा खर्च वेगळा. नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा मशीनचं गार्ड (संरक्षक कवच) मुद्दाम काढणं सिद्ध व्हावं लागतं. तेव्हा मशीनला गार्ड होतं का, हे सहकाऱ्यांकडून आत्ताच लिहून घ्या.

प्रतिसाद २
थांबा, आधी ईएसआय तपासा. स्लिपवर कपात नाही म्हणजे लागू नाही, असं नव्हे. दहा किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि पगार २१,०००पर्यंत असेल तर विमा लागतोच. १४,०००वर कामगाराचे १०५ रुपये कापायचे असतात. विमा लागू असेल तर वरचा दावा चालत नाही, भरपाई ईएसआयसीकडून (हा विमा चालवणारं महामंडळ), दरमहा पेन्शनसारखी मिळते. मालकाने नोंदणीच केली नसेल तरी ईएसआयसीच्या शाखेत लेखी तक्रार द्या. वसुली ते मालकाकडून करतात.

प्रतिसाद ३
विमा लागू नसेल तर भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा ते पणजीला, पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्तालयात विचारा. कंत्राटदारासोबत कारखान्यालाही प्रतिवादी करा, नाहीतर कंत्राटदार गायब झाला की हाती काही नाही. त्याआधी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या, पावती जपा. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

घोळ बहुतेक वेळा केसपेपरात होतो. सोबत आलेला सुपरवायझर ‘घरी पडला’ असं सांगून मोकळा होतो. गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) किंवा जिथे उपचार झाले तिथला पेपर काढून ‘कामावर, प्रेसमध्ये’ लिहिलंय का ते वाचा. नसेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या. अपंगत्वाच्या दाखल्यात नेमकी किती पेरं गेली तेही हवं.

वकिलाचा खर्च जड असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.