मदत हवी आहे: लिनक्स थेट चालवायला पेनड्राइव्ह की एसएसडी एनक्लोजर (एसएसडी बसवून यूएसबीने जोडायची डबी)?

नुसतं इन्स्टॉल करायला १६ जीबीचा यूएसबी ३.० पेनड्राइव्ह पुरतो, तिथे बहुतेक काम सलग वाचनाचं असतं. मला मात्र लिनक्स बाहेरच्या ड्राइव्हवरूनच रोज चालवायचंय, आणि तिथेच घोडं अडतं. पाकिटावर ठळक छापतात तो वाचनाचा वेग. रोज चालणारी सिस्टिम मात्र ४ केबीचे छोटे तुकडे इकडेतिकडे लिहीत राहते, आणि अशा विखुरलेल्या लेखनात साधा पेनड्राइव्ह गुडघे टेकतो. कॅश (लेखनासाठीची तात्पुरती जलद जागा) भरली की वेग कोसळतो, अपडेट चालू असताना खिडक्याही थिजतात.

म्हणून २५६ जीबीची एम.२ एनव्हीएमई (छोट्या पट्टीसारखी वेगवान) एसएसडी एनक्लोजरमध्ये घालायचा विचार आहे. यूएएसपी (यूएसबीवरून एकाच वेळी अनेक आदेश पाठवायची पद्धत) आणि ट्रिम (पुसलेली जागा कोणती ते एसएसडीला कळवणारा आदेश) दोन्ही नीट चालणारा कंट्रोलर, म्हणजे एनक्लोजरमधली यूएसबी चिप, कोणता? १० जीबीपीएसच्या पोर्टवर सलग तासभर कॉपी केल्यावर तो तापून डिस्कनेक्ट होतो का? वापरणाऱ्यांनी ४ केबी लेखनाचे आकडे दिलेत तर फार मदत होईल.