मदत हवी आहे : सागाचे पातळ व्हिनियर टवका न उडता कसे कापावे?
नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि आजोबांच्या जुन्या पेटीच्या झाकणावर ०.५ मिलिमीटर जाडीच्या सागाच्या व्हिनियरची (म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) चौकट बसवत आहे. लाकडातील नैसर्गिक रेषांच्या दिशेने काप सरळ येतो; मात्र आडवे कापताना कडेला टवका उडतो आणि तिरक्या कापात पाते रेषांच्या ओढीने पोलादी पट्टीपासून दूर सरकते. मास्किंग टेप लावून, नव्या पात्याने, हलक्या हाताने तीन-चार वेळा कापल्यावर बराच फरक पडला, तरीही ४५ अंशांचे जोड केसभर उघडे राहतात. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून एकदमच कापावेत, की थोडे मोठे कापून सँडपेपरच्या ठोकळ्याने घासून मापात आणावेत? मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे नक्षीकाम कोणी जवळून पाहिले असल्यास, ते पाते कसे धरतात, हेही कृपया सविस्तर सांगावे.